निरोगी स्वयंसेवक: एकूण चाळीस

अनुजा बोंद्रेचा नवरा गेले दोन महिने तिच्याकडे तिच्या मामाच्या नजरेनं बघत होता, आणि ही गोष्ट तिघांपैकी फक्त अनुजालाच ठाऊक होती. नवऱ्याला कल्पना नव्हती. मामाला तर ती सांगूनही पटली नसती. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. असली गोष्ट कुणाजवळ बोलायची, हे तिला कळत नव्हतं. माहेरी सांगावं तर मामा माहेरचाच.

चूक तिचीच होती. निदान तिच्यापासून सुरू झाली होती.

मिरजेत एक नेत्रगती संशोधन केंद्र होतं. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक एसी आणि डॉ. सुनीती उकिडवे. अनुजा तिथं प्रकल्प सहायक. सहायक म्हणजे फॉर्म भरणं, यंत्राची धूळ पुसणं आणि उकिडवे मॅडम बोलायला लागल्या की मान डोलावणं. मॅडम मात्र खरंच हुशार बाई होत्या. नव्या माणसाला विषय समजावताना त्या पहिल्यांदा हात लांब करायला लावायच्या.

‘‘अंगठ्याचं नख बघा,’’ त्या म्हणायच्या. ‘‘तुम्हाला स्पष्ट दिसतं ते जग एवढंच, नखाएवढं. बाकीचं सगळं धूसर असतं. पण तसं वाटत नाही, कारण डोळा गप्प बसत नाही. सेकंदाला तीन उड्या मारतो आणि नखाएवढे तुकडे गोळा करून मेंदूला देतो. मेंदू ते शिवून गोधडी करतो. त्या गोधडीला आपण जग म्हणतो.’’

मग त्या आरसा द्यायच्या. ‘‘आपल्याच डाव्या डोळ्याकडे बघा. आता उजव्याकडे. डोळा हलताना दिसला?’’

कुणालाच दिसायचा नाही. कारण उडी चालू असताना मेंदू पडदा पाडतो. सेकंदाचा पंचविसावा भाग आपण चक्क आंधळे असतो, दिवसातून लाखभर वेळा, आणि तरी ‘मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं’ म्हणून कोर्टात साक्ष देतो.

मॅडमना त्या पडद्यामागच्या वेळात रस होता. तेवढ्यात चष्म्याच्या काचेवर एखाद्या जागी उजेड कणभर वाढवला, तर माणसाला तो उजेड दिसत नाही, पण पुढची उडी तिथंच पडते. आणि माणसाला वाटतं, मला बघायचं होतं म्हणून मी बघितलं. या तत्त्वावर वाहनचालकांसाठी चष्मा करायचा होता. दमलेल्या, पेंगलेल्या, मोबाइलमध्ये मन अडकलेल्या माणसाची नजर चष्म्यानं हलकेच उचलायची आणि तिथं ठेवायची, जिथं एखाद्या ताज्यातवान्या, निरोगी माणसानं ठेवली असती.

आता निरोगी माणूस कुठं नजर ठेवतो, हे कुणाला माहीत होतं? ते मोजायला मंजुरीपत्रात लिहिलं होतं: चाळीस निरोगी स्वयंसेवक. वय वीस ते पन्नास. चष्मा नको, साखर नको, रक्तदाबाची गोळी नको, दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त मोबाइल नको. ही शेवटची अट वाचून अनुजा खूप हसली. मग तिच्या लक्षात आलं की ही माणसं आणायची आहेत तिनं, तीही एकतीस मार्चच्या आत.

मिरज दवाखान्यांचं गाव. आजारी माणूस हवा असेल तर इथं दहा मिनिटांत शंभर मिळतात. निरोगी माणूस मात्र दवाखान्यासारख्या दिसणाऱ्या इमारतीच्या सावलीतून जात नाही. अनुजा गल्लीतल्या एका पहिलवानाकडे गेली. ठणठणीत गडी, डोळे कसे काचेसारखे.

‘‘मी निरोगी आहे म्हणूनच येणार नाही,’’ तो म्हणाला. ‘‘तुम्ही काहीतरी काढाल.’’

‘‘काही काढणार नाही हो. फक्त डोळे बघणार.’’

‘‘तेच म्हणतो. बघितलं की निघतं.’’

मार्चची दहा तारीख आली तेव्हा चाळीसपैकी शून्य झाले होते. अकरा तारखेला तिनं मामाला आणलं.

हणमंतमामा तिच्या आईचा धाकटा भाऊ. वय एकोणपन्नास, चष्मा नाही, गोळी नाही, आणि मोबाइल असा की त्यावर फक्त फोन यायचे. तो टेकडीवरच्या मारुतीच्या देवळाबाहेर चपला सांभाळायचा. टोकन, चिठ्ठी, नंबर काही नाही. शनिवारी पाच हजार माणूस यायचं आणि एकाचंही चप्पल इकडचं तिकडं व्हायचं नाही. माणूस पायऱ्या उतरायला लागला की मामा पायांकडे बघायचा आणि माणूस खाली पोचेपर्यंत त्याचा जोड समोर ठेवलेला असायचा. तीस वर्षांत त्यानं कुणाचं तोंड बघितलं नव्हतं. तोंडाची त्याला गरज पडली नव्हती. सख्ख्या भाचीलाही तो डाव्या करंगळीवरून ओळखायचा, ती जराशी वर चढलेली होती म्हणून.

मामानं हनुवटी यंत्रावर टेकवली आणि दीड तास रस्त्यांचे, बाजारांचे, चौकांचे तीनशे फोटो बघितले. पापणीही जास्त वेळा हलली नाही. यंत्र सेकंदाला हजार वेळा त्याच्या बुबुळाची जागा टिपत होतं. मग त्यानं चहा घेतला, दोन खारी खाल्ल्या आणि एसीकडे बघून म्हणाला, ‘‘गार हाय गं हितं. उद्या येऊ काय?’’

हा साधा प्रश्न. अनुजाला ‘नको’ म्हणता आलं असतं.

बावीस मार्चपर्यंत मामा सतरा वेळा आला होता. शेवटच्या आठवड्यात दिवसातून तीन वेळा यायचा. फोटोंचा क्रम ती दर वेळी पिसायची, तेवढीच तिची शास्त्रीय शिस्त. फॉर्मवर नावं लागायची, तर नावं मामाच सांगायचा.

‘‘लिही, अंगठ्याचं नख काळं असलेले कुलकर्णी.’’

‘‘मामा, नुसतं नाव सांग.’’

‘‘नाव कुलकर्णीच की. बाकीचं वळखायला.’’

तीस मार्चला चाळीस झाले. नावं पाकिटात बंद करून सील लावायचा नियम होता, म्हणजे स्वयंसेवकांची ओळख कुणाला कळू नये. नियम पाळला गेला. ओळख कुणालाही कळली नाही.

चाळीस जणांची सरासरी काढली तेव्हा आलेख असा सुबक आला की मॅडम बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. निरोगी भारतीय माणूस चित्रातल्या माणसाकडे बघताना प्रथम पावलांकडे बघतो, मग पावलं कुठं चालली आहेत तिकडे, मग दुसऱ्या माणसाच्या पावलांकडे. चेहऱ्यावर तो जातच नाही, गेला तर वाट चुकल्यासारखा. मॅडमनी यावर परदेशात निबंध वाचला. नजर खाली ठेवण्यातली पौर्वात्य मर्यादा, असा काहीसा विषय होता. तिथल्या लोकांना गहिवरून आलं म्हणतात.

मग चष्मा आला. नाव ‘सुलोचन’. दीड वर्षात तो दुचाकी, रिक्षा, बस, ट्रक, सगळ्यांना सक्तीचा झाला. आणि इथं अनुजाचं नशीब असं की चष्मा उत्तम चालला. कारण मामा चुकीचा नव्हताच. रस्त्यावरचा माणूस कुठं वळणार, हे तोंडावर नसतं, पावलावर असतं. तोंड फोनवर बोलत असतं, तेव्हा पाऊल आधीच रस्त्यात पडलेलं असतं. चालकांच्या नजरा पावलांवर गेल्या आणि अपघात तिसऱ्या हिश्श्यानं कमी झाले. हजारो माणसं जिवंत राहिली. अनुजाला पगारवाढ मिळाली. तिची झोप उडाली ती तेव्हापासून.

लोकांनी चष्मा घरी आल्यावरही काढणं सोडलं, कारण तो हलका होता आणि नंबरही त्यातच बसायचा. काढला तरी उपयोग नव्हता. डोळ्यांना वळण लागायला तीन आठवडे पुरतात. मग काच नसली तरी उडी ठरल्या जागीच पडते.

गाव बदललं, पण असं बेतानं की कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाई टेबलावर पाय ठेवून बसायला लागल्या. त्याशिवाय लोकांना त्या कोण हेच कळेना. निवडणुकीच्या फलकांवर उमेदवाराचे हात जोडलेले आणि खाली, ठळक, पावलं. लग्न जुळवणाऱ्या संस्थांनी फोटोची चौकट खाली सरकवली. गल्लीत तीन पार्लरं होती, तिन्हींनी भुवयांचं काम बंद करून टाचांचं सुरू केलं. भांडणं कमी झाली, हेही खरं. पायाकडे बघून माणसाला फार वेळ ओरडता येत नाही.

आणि तेजस.

तेजस म्हणजे अनुजाचा नवरा. कुपवाडच्या एका कारखान्यात नोकरी, रोज मोटरसायकलनं जाणं-येणं, म्हणजे सुलोचन आलाच. तेजस प्रेमळ होता. लग्नाआधी तो तिच्याकडे असा बघायचा की तिला हातातलं काम सुचायचं नाही. आता तो घरात यायचा, जोडे काढायचा, आणि त्याची नजर तिच्या पायांवर येऊन बसायची.

‘‘टाचेला भेग पडली आहे बघ,’’ तो एकदा म्हणाला. दुसऱ्या दिवशी मलम घेऊन आला. स्वतः बसून लावलं.

एखाद्या बाईला रडू यावं इतकी ही चांगली गोष्ट होती. अनुजाला रडू आलंच. ती त्याच्यासमोर, हातभर अंतरावर, पाच मिनिटं रडली. तेजस मलम लावत राहिला.

‘‘पाय का हलवतेस?’’ तो म्हणाला. ‘‘गुदगुल्या होतात?’’

पुढच्या आठवड्यात तिनं केस कानापर्यंत कापून टाकले. कमरेपर्यंतचे केस होते. संध्याकाळी ती दारातच उभी राहिली.

‘‘माझ्यात काही वेगळं वाटतंय?’’

तेजसनं तिला खाली नीट न्याहाळलं. ‘‘जोडवं सैल झालंय,’’ तो म्हणाला. ‘‘सोनाराकडे जाऊ या रविवारी.’’

ती आत गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. हे जर नुसतं दुर्लक्ष असतं तर तिला भांडता आलं असतं. दुर्लक्ष नव्हतं. पूर्ण लक्ष होतं. फक्त ते लक्ष तेजसचं नव्हतं, हणमंतमामाचं होतं. तिनंच ते खारी आणि चहा देऊन चाळीस वेळा गोळा केलं होतं, आणि ते देशभर फिरून आता तिच्याच घरात येऊन तिच्या टाचेला मलम लावत होतं.

शनिवारी सकाळी ती टेकडीवर गेली. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. मामा पायरीवर बसला होता. समोर चपलांचा ढीग होता, पण हात रिकामे.

‘‘सुट्टी काय रे मामा?’’

‘‘कायमचीच. कुणाला लागतोय आता मी? ज्याला त्याला ज्याचं त्याचं चप्पल वळखाय येतंय. परवा एक चोर आला. एक जोड उचलला आन् बारा माणसं म्हटली, अवो, ते ह्यांचं हाय. बारा माणसं. मी बोलायच्या आधी.’’ मामानं मान हलवली. ‘‘तीस वर्षं मला वाटायचं, हे कसब हाय माझ्यात. कसब कसलं. समद्यांलाच येतंय की.’’

हे अनुजाला मलमापेक्षा जास्त लागलं. ती त्याच्या शेजारी बसली. मामा तिच्याकडे वळला आणि थांबला. त्याची नजर तिच्या डाव्या भुवईवर आली, तिथून हनुवटीवर गेली आणि मग ओठांच्या कोपऱ्यावर येऊन टेकली. टेकली ती हलेचना.

‘‘रडलीस व्हय गं?’’

दोन महिन्यांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

‘‘तू तोंड कधीपासून बघायला लागलास?’’

‘‘काय करू मग? दिवसभर हितं बसायचं. पाय बघायचं कारण न्हाई, तर डोळं जरा वर गेलं. वर लई असतंय गं.’’ तो अजून बघतच होता, एखादी लांबची वस्तू जवळ आणून बघावी तसा. ‘‘तुझं तोंड ताईवर गेलंय की. सत्तावीस वर्षांत मला कुणी बोललं न्हाई.’’

‘‘मामा,’’ अनुजा म्हणाली, ‘‘माझं एक काम फार चुकलंय.’’

‘‘हां,’’ मामा म्हणाला. ‘‘दिसतंय.’’

सोमवारी ती मॅडमसमोर उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. चाळीस नाहीत. एक. चपला सांभाळणारा. माझा मामा.

उकिडवे मॅडम फाइलमधून मान वर न काढता ऐकत होत्या. वर काढली असती तरी नजर खालीच गेली असती; त्याही स्कूटर चालवायच्या.

‘‘बस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चहा घेणार?’’

‘‘मॅडम, तुम्ही ऐकलंत ना?’’

‘‘अनुजा, चाळीसच्या चाळीस जणांच्या डाव्या बुबुळावर एकाच जागी एकच तपकिरी ठिपका होता. घड्याळात सात वाजतात तिथं.’’ मॅडमनी फाइल मिटली. ‘‘मी म्हटलं, मिरजेचं पाणी.’’

‘‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘एकतीस मार्च होता.’’ जणू तो एखादा नैसर्गिक नियम असावा अशा सुरात त्या म्हणाल्या. ‘‘आणि निकाल वाईट लागला का? रस्त्यावरची किती पोरं घरी परत गेली, हिशेब कर आणि मग रड. तुझी अडचण काय आहे नेमकी?’’

‘‘माझा नवरा माझ्या तोंडाकडे बघत नाही.’’

‘‘माझेही बघत नाहीत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण ते आधीपासून.’’

मग त्यांनी उपाय सांगितला, आणि तो ऐकून अनुजाला नको तितकं बरं वाटलं. रस्त्यासाठी एक आवृत्ती आहे, घरासाठी दुसरी काढायची. घरात शिरलं की चष्मा ती लावेल. त्यासाठी पुन्हा निरोगी स्वयंसेवक लागतील, पण आता आणायचे कुठून? अनुजा पायीच ये-जा करते म्हणून सुटली, पण तिला सगळं ठाऊक, तिचे डोळे चालणार नाहीत; तिच्याखेरीज गावात ज्याच्या डोळ्यांवर सुलोचन चढलेला नाही असा माणूस उरलेला नाही. ज्याला त्याला मामाचंच वळण. चष्म्याशिवाय राहिलेला आणि तोंडं बघणारा, पंचक्रोशीत एकच.

‘‘आण त्यांना,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘वय एकावन्न झालं असेल तर एकोणपन्नासच लिही. आणि या वेळी फॉर्म दोन-तीन वेगळ्या पेनांनी भर.’’

बरोबर काय आणि चूक काय, हे अनुजाला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. तरी ती मामाला घेऊन आली. कारण तिला पुढचा रविवार दिसत होता. तेजस दारातून आत येईल आणि त्याचे डोळे वर येतील.

मामानं हनुवटी टेकवली. या वेळी पडद्यावर चेहरे होते. यंत्रानं काढलेली रेघ अनुजा शेजारच्या पडद्यावर बघत होती. डावी भुवई, हनुवटी, ओठांचा कोपरा. आणि कोपऱ्यावर मुक्काम, चार-चार सेकंद. एवढा वेळ कुणी कुणाच्या चेहऱ्यावर थांबत नाही. मामा नवशिका होता. त्याला अजून पुरत नव्हतं.

‘‘अशी मान्सं असत्यात व्हय,’’ तो मधेच पुटपुटला.

दोन बैठकांवर चाचणीपुरतं काम झालं. रविवारी सकाळी तेजस अंघोळीला गेला असताना तिनं ते त्याच्या चष्म्यात भरलं. त्याला विचारलं नाही. विचारायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

तेजस डोकं पुसत बाहेर आला, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि स्वयंपाकघराच्या दारात आला. अनुजा पोळ्या लाटत होती. तिनं वर बघितलं.

तेजसचे डोळे तिच्या चेहऱ्यावर आले.

‘‘अगं,’’ तो म्हणाला. ‘‘केस कधी कापलेस?’’

‘‘दोन आठवडे झाले.’’

‘‘छान दिसतंय.’’ तो जवळ आला. तव्यावरची पोळी करपायला लागली होती. दोघांनीही तिच्याकडे बघितलं नाही. दोन महिने ज्यासाठी ती तडफडत होती ते इथं, हातभर अंतरावर होतं. तिनं श्वास सोडला. त्याची नजर तिच्या डाव्या भुवईवर होती. तिथून ती हनुवटीवर गेली. मग ओठांच्या कोपऱ्यावर आली आणि तिथंच थांबली.

अनुजाच्या हातातलं लाटणं थांबलं.

‘‘गंमत आहे,’’ तेजस म्हणाला. ‘‘तुझा चेहरा डिट्टो तुझ्या आईसारखा आहे. एवढे दिवस कधी लक्षातच आलं नाही.’’

डोळा जिथं जाईल तेवढंच मेंदूला मिळतं. त्याच तीन जागा, त्याच क्रमानं, तेवढाच वेळ. मग वाक्य तरी दुसरं कुठून येणार? अनुजानं पीठ लागलेल्या हातानं त्याच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि कणकेच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

‘‘अगं, काय करतेस?’’

‘‘बस,’’ ती म्हणाली. ‘‘गॅस बंद कर आणि बस.’’

तिनं सगळं सांगितलं. पहिलवानापासून. तेजसनं गॅस बंद केला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

‘‘म्हणजे मी तुझ्याकडे हणमंतमामांसारखं बघत होतो.’’

‘‘हो.’’

‘‘रोज?’’

‘‘रोज.’’

‘‘मलम लावताना पण?’’

‘‘तेव्हा पण.’’

तेजसनं आपली खुर्ची फूटभर मागं घेतली. ‘‘आणि आत्ता, केसांचं बोललो तेव्हा?’’

‘‘आत्ताही मामाच. फक्त नवा मामा.’’

‘‘पण हे बरं आहे ना त्यातल्या त्यात?’’ तो चाचरत म्हणाला. ‘‘तोंडाकडे तरी बघतोय. तुला तेच पाहिजे होतं.’’

हाच प्रश्न तीही स्वतःला तीन दिवस विचारत होती आणि उत्तर देत नव्हती. आता ते आपसूक आलं.

‘‘मला तू बघायला पाहिजे होतास,’’ ती म्हणाली. ‘‘नुसतं कुणीतरी बघावं, एवढंच नव्हतं.’’

मग ती उठली, हात धुतले आणि जेवणाच्या टेबलावरच मंजुरी समितीला पत्र लिहायला घेतलं. तेजस पोळ्या लाटायला उभा राहिला. त्याच्या पोळ्या नकाशासारख्या व्हायच्या, पण आज कुणी बोललं नाही. पत्र तिनं फार सजवलं नाही. सुलोचन चष्म्याच्या प्रमाण नजरेसाठी वापरलेल्या निरोगी स्वयंसेवकांची संख्या चाळीस नसून एक आहे. त्यांचं नाव हणमंत सुतार, व्यवसाय चपला सांभाळणे. खोटे फॉर्म मी भरले, मॅडमना ते नंतर कळलं आणि त्या गप्प राहिल्या. या नजरेनं रस्त्यावर जीव वाचतात, तेव्हा रस्त्यावर ती खुशाल ठेवावी, पण ती कुणाची आहे हे डबीवर लिहून. गाडीवरून उतरल्यावर चष्म्यानं गप्प बसावं. घरगुती आवृत्ती काढू नये. आणि हे कसब सुतार यांचं आहे, सर्वांना जन्मतः येत नाही, असं त्यांना सरकारी कागदावर कळवावं; त्यांचा गैरसमज झाला आहे.

‘‘नोकरी जाणार,’’ तेजस मागून वाचत म्हणाला.

‘‘जाणार.’’

‘‘खटला?’’

‘‘होईल बहुतेक.’’

‘‘पाठव मग,’’ तो म्हणाला. ‘‘विचार करत बसलीस तर पाठवणार नाहीस.’’

तिनं पाठवलं. चार मिनिटांत मॅडमचा फोन वाजायला लागला. तिनं तो वाजू दिला. वाजून बंद झाला, परत वाजला, परत बंद झाला.

तेजस तिच्यासमोर येऊन बसला. चष्मा कणकेतच होता. त्याचे उघडे डोळे पाहून अनुजाला वाटलं, यांना काही दिवस सुटी दिली पाहिजे. ते सगळीकडे भिरभिरत होते. दाराकडे, कुकरकडे, कॅलेंडरकडे, आणि मधेच सवयीनं टेबलाखाली, तिच्या पायांकडे. तिथून ते दचकून उठायचे आणि कुठं जावं हे न कळून पुन्हा दाराकडे जायचे.

‘‘मग आता मी कुठं बघू?’’ त्यानं विचारलं. अगदी मनापासून.

‘‘कुठंही बघ.’’

‘‘कुठंही म्हणजे? ते आपोआप पायाकडे चाललेत. मी नेत नाहीये.’’

‘‘पहिली उडी नसतेच आपल्या हातात,’’ अनुजा म्हणाली. ‘‘माणसाला कळायच्या आत पडलेली असते.’’

‘‘आणि दुसरी?’’

‘‘ती असते. थोडीफार.’’

तेजसनं खुर्चीत सरसावून बसून घेतलं, वजन उचलायला बसतात तसं. डोळे खाली गेले. गेले ते गेले. मग, दात काढायला बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यानं, त्यानं ते वर आणायला सुरुवात केली. टेबलाची कड. तिचा पिठाळ हात. गळा. कान, कानावर जरा अडखळले. मग ते तिच्या डोळ्यांवर आले, थेट, आणि जेमतेम अर्धा सेकंद टिकून खिडकीकडे पळाले.

‘‘गेले,’’ तो ओशाळून म्हणाला.

‘‘जाऊ देत.’’

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. फोन तिसऱ्यांदा वाजायला लागला. तेजसचे डोळे खिडकीतून निघाले, फोनवर टेकले, तिथून उठले आणि परत तिच्याकडे आले. या वेळी त्यांना कुणी आणलं नव्हतं.